कासव (चित्रपट)

कासव हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेला, २०१६ साली पूर्ण झालेला मराठी चित्रपट आहे. भावे, सुकथनकर आणि अभिनेते व मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे हे त्याचे निर्माते आहेत. नैराश्याने ग्रासलेला एक तरुण, त्याच आजारातून सावरत असलेली एक स्त्री आणि कोकण किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या अंड्यांची राखण करणारी माणसे यांची ही कथा आहे. परस्परांशी रक्ताचे नाते नसलेली ही माणसे समुद्राकाठच्या एका घराभोवती एकत्र येतात आणि हळूहळू त्यांचे एक कुटुंब तयार होते. ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. असा मान मिळवणारा हा पाचवा मराठी चित्रपट ठरला.

दुसऱ्याला जगवायचे तर त्याला कितपत हात द्यावा आणि कोणत्या क्षणी हात मागे घ्यावा, हा या चित्रपटाचा मूळ प्रश्न आहे. कासवांच्या संवर्धनात हा प्रश्न रोजच्या कामाचा भाग असतो. आजारी माणसाच्या शुश्रूषेत मात्र त्याचा विचार क्वचितच होतो. चित्रपट या दोन गोष्टी शेजारी ठेवतो.

पार्श्वभूमी

सुमित्रा भावे (१२ जानेवारी १९४३ – १९ एप्रिल २०२१) यांचे शिक्षण समाजशास्त्राचे. चित्रपटाचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. स्त्रियांच्या जीवनावर संशोधन करताना, ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांना आपले लेखन वाचता येत नाही, ही अडचण त्यांना जाणवली आणि त्या दृक्‌श्राव्य माध्यमाकडे वळल्या. १९८५ सालच्या 'बाई' या त्यांच्या पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुनील सुकथनकर हे पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेचे (एफटीआयआय) दिग्दर्शनाचे पदवीधर. या दोघांनी मिळून तीन दशकांहून अधिक काळ काम केले. 'दोघी', 'दहावी फ', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'नितळ', 'संहिता', 'अस्तु' हे त्यांचे काही महत्त्वाचे चित्रपट होत.

या यादीत आजार आणि त्याकडे पाहणारा समाज हा विषय वारंवार येतो. 'देवराई'चा नायक स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे, 'नितळ'ची नायिका अंगावर कोड असलेली डॉक्टर आहे, तर 'अस्तु'मध्ये संस्कृतचे एक नामवंत पंडित अल्झायमरमुळे आपली स्मृती गमावत जातात. 'कासव' हा याच ओळीतला पुढचा चित्रपट असला तरी त्यात एक महत्त्वाचा फरक आहे. 'देवराई'त रुग्णाला बहीण आहे, 'अस्तु'त मुलगी आहे, म्हणजे काळजी घेणारे माणूस घरातलेच आहे. 'कासव'मध्ये ते वाटेत भेटलेले परके माणूस आहे.

डॉ. आगाशे यांचा सहभाग केवळ अभिनयापुरता नव्हता. ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९९७ ते २००२ या काळात एफटीआयआयचे संचालकही होते. आरोग्यशिक्षणासाठी चित्रपटाचा उपयोग करावा, हा विचार त्यांनी सातत्याने मांडला आहे. 'अस्तु'मधील विस्मृतीने ग्रासलेल्या चक्रपाणि शास्त्रींची भूमिका त्यांचीच. 'कासव'मध्ये त्यांनी रुग्णाची वा डॉक्टरची नव्हे, तर कासवे राखणाऱ्या दत्ताभाऊंची भूमिका केली, ही निवड बोलकी आहे.

कथानक

मानव (आलोक राजवाडे) हा शहरातला तरुण आत्महत्येचा प्रयत्न करतो आणि वाचतो. रुग्णालयातून तो निघून जातो आणि कुठे जायचे हे न ठरवता भटकत राहतो. तापाने फणफणलेल्या, हाताला जखम असलेल्या या मुलाशी जानकीची (इरावती हर्षे) गाठ पडते. जानकी अमेरिकेत संसार करून, तो मोडल्यानंतर भारतात परतलेली स्त्री आहे. ती स्वतः नैराश्यातून गेली आहे आणि उपचारांच्या आधाराने सावरते आहे. कोकणात समुद्रकाठी ती राहते व दत्ताभाऊंच्या कासव-संवर्धनाच्या कामात लक्ष घालते. ती मानवला सोबत घेते आणि घरी आणते.

यानंतर चित्रपटात घडते ते बहुतेक सगळे या घरात आणि समोरच्या किनाऱ्यावर. मानव आपले नावगाव सांगत नाही आणि जानकी ते विचारत नाही. त्याने खावे, झोपावे, वाटल्यास बोलावे, इतकीच तिची अपेक्षा असते. जानकीचा गाडीचालक यदू (किशोर कदम) याला हा सगळा प्रकार सुरुवातीला पटत नाही. कोण कुठला मुलगा, घरात का ठेवायचा, हा त्याचा रास्त सवाल आहे. गावातला परशू हा लहान मुलगा मात्र मोठ्यांच्या सावधपणाची पर्वा न करता मानवच्या जवळ जातो. मानव कधी चिडतो, कधी तुसडेपणाने वागतो, कधी खोलीत स्वतःला मिटून घेतो. दोन पावले पुढे आणि एक मागे अशा गतीने तो माणसांत येऊ लागतो.

दरम्यान किनाऱ्यावर मादी कासवांनी घातलेली अंडी सुरक्षित जागी हलवून त्यांची राखण चालू असते. मानवचे या कामाकडे लक्ष वेधले जाते. वाळूतून वर येणारी पिल्ले समुद्राकडे निघतात त्या प्रसंगाशी चित्रपटाचे दोन्ही धागे जुळतात.

मानवला नैराश्य का आले, याचे एकच एक कारण चित्रपट पुरवत नाही. पूर्वायुष्यातला एखादा आघात उघड होऊन सारे काही उलगडावे, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या प्रेक्षकाला ते अपुरे वाटू शकते. मात्र नैराश्य हा आजार आहे व त्याला दर वेळी गोष्टीत शोभेल असे कारण असतेच असे नाही, हे वैद्यकीय वास्तव पाहता हा संयम योग्यच म्हणावा लागतो.

शीर्षकातील प्रतिमा

कासव आणि अंतर्मुखता यांचा संबंध भारतीय परंपरेत जुना आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना, कासव जसे आपले अवयव सर्व बाजूंनी आत ओढून घेते तसा तो इंद्रिये आवरून घेतो, असा दृष्टान्त आला आहे. महाराष्ट्रातील देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते ते याच अर्थाने, असे सांगितले जाते. चित्रपटातला मानवही स्वतःला आत ओढून घेतो. पण त्याचे मिटणे साधकाचे नसून आजारी माणसाचे आहे. एकाच प्रतिमेची ही दोन टोके आहेत.

मराठी संतवाङ्मयात कासवीची आणखी एक प्रतिमा येते. कासवी आपल्या पिल्लांना दूध पाजत नाही, जवळही घेत नाही. ती केवळ नजरेने त्यांचे पोषण करते, अशी समजूत त्यामागे आहे. तिला 'कूर्मदृष्टी' म्हणतात. भक्तावर गुरूची किंवा देवाची अशी दृष्टी असावी, ही मागणी संतांनी अनेकदा केली आहे. जानकीची वागणूक या जुन्या कल्पनेच्या फार जवळ जाते: ती मानववर लक्ष ठेवते, पण त्याला धरून ठेवत नाही.

प्राणिशास्त्र मात्र या दोन्ही प्रतिमांना साथ देत नाही. समुद्री कासवाला जमिनीवरच्या कासवाप्रमाणे डोके व पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. त्याचे पाय वल्ह्यांसारखे पोहण्यासाठी घडलेले असतात आणि ते कायम बाहेर असतात. आणि कासवीची नजर पिल्लांवर कधी पडतच नाही, कारण अंडी घालून झाली की ती समुद्रात परत जाते. पिल्ले बाहेर येतात तेव्हा किनाऱ्यावर आई नसते. चित्रपटाचा भर याच गोष्टीवर आहे. आईवाचून जन्मलेल्या पिल्लाला समुद्रापर्यंतचे अंतर स्वतःच कापावे लागते. भोवतालच्या माणसांनी फार तर वाट मोकळी ठेवावी.

किनाऱ्यावरील कासव-संवर्धन

चित्रपटात दिसणारी कासवे ऑलिव्ह रिडले या जातीची आहेत. शास्त्रीय नाव लेपिडोचेलिस ऑलिव्हेसिया. कवचाच्या ऑलिव्ह फळासारख्या रंगावरून हे नाव पडले. समुद्री कासवांतील ही एक सर्वांत लहान जात असून प्रौढ कासवाची लांबी साधारण ६० ते ७० सेंमी भरते. भारतात ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे या कासविणी हजारोंच्या संख्येने एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. कोकणात असे घडत नाही. येथे मादी एकेकटी, बहुधा रात्री, वाळूवर चढते. त्यामुळे ओडिशात घरट्यांचे थवे मोजले जातात, तर कोकणात एकेक घरटे शोधावे लागते.

हिवाळा हा कोकणातील विणीचा मुख्य काळ. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत घरटी सापडतात. भरतीरेषेच्या वर आल्यावर मादी मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा खणते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते, अंगाच्या भाराने ती दाबते आणि परत जाते. ही अंडी पांढरी, गोल आणि मऊ कवचाची असतात. ऊब द्यायला आई नसते; ते काम वाळूच्या उष्णतेने होते. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापलेली असेल तर माद्या जास्त निपजतात.

अंड्यांना धोके अनेक. कुत्री, कोल्हे आणि घोरपडी घरटी उकरतात. पूर्वी किनाऱ्यावरील गावांत माणसेही अंडी काढून नेत आणि खात किंवा विकत. मादीच्या पायांचे वाळूवर उमटलेले ठसे पाहून घरटे नेमके कुठे आहे हे सांगणारी जाणती माणसे गावोगाव होती. संवर्धनाचे काम सुरू झाले तेव्हा पुष्कळ ठिकाणी याच माणसांचे कसब कामी आले. पूर्वी जे डोळे अंडी नेण्यासाठी ठसे शोधत, तेच पुढे राखणीसाठी शोधू लागले.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तेथे ग्रामस्थांच्या मदतीने घरट्यांचे संरक्षण हाती घेतले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले, त्यांची सोय गावातल्या घरांत होऊ लागली आणि 'कासव महोत्सव' हा शब्द रूढ झाला. ही पद्धत दक्षिणेकडे पसरत गेली. सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किमीचा किनारा लाभला आहे. उत्तरेस विजयदुर्गच्या खाडीपासून दक्षिणेस बांद्यावरून वाहत येणाऱ्या तेरेखोल नदीच्या मुखापर्यंत तो पसरला आहे. देवगड तालुक्यातील तांबळडेग आणि वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणी ही तेथील कासवांच्या विणीसाठी ओळखली जाणारी गावे होत. 'कासव'चे चित्रीकरण याच जिल्ह्यात, देवगडच्या परिसरात झाले.

दत्ताभाऊ आणि त्यांचे सहकारी चित्रपटात जे काम करतात त्याची रीत अशी: पहाटे किनारा चालून ठसे शोधायचे, घरटे सापडले की अंडी काही तासांच्या आत, न फिरवता, हळुवार हाताने काढायची, कुंपण घातलेल्या जागेत, जिला सारे 'हॅचरी' म्हणतात, तितक्याच खोलीचा आणि त्याच आकाराचा खड्डा करून त्यात ती ठेवायची, आणि तारीख लिहून वाट पाहायची. अंड्यातील गर्भ एकदा कवचाला चिकटला की नंतर अंडे उलटले तर तो दगावतो. म्हणून इथे घाई आणि हळुवारपणा एकाच वेळी लागतो.

पिल्ले बाहेर आल्यावर त्यांना उचलून थेट पाण्यात सोडले जात नाही. पाण्यापासून काही अंतरावर, ओलसर वाळूवर त्यांना ठेवतात आणि उरलेले अंतर त्यांनी स्वतः चालायचे असते. मोठ्या झालेल्या माद्या अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मस्थानाच्या परिसरात परततात आणि तो परिसर ओळखण्याची खूण पिल्लाच्या या पहिल्या प्रवासात पडत असावी, असे मानले जाते. किनाऱ्यावरील विजेचे दिवे त्यांची दिशाभूल करतात, कारण रात्री क्षितिजावर जो भाग उजळ दिसतो तिकडे ती चालतात. जमलेल्या माणसांनी दिवे लावू नयेत, वाटेत उभे राहू नये आणि पिल्लांना हात लावू नये, एवढेच करायचे असते. हजारांतले एखादेच पिल्लू प्रौढ वयापर्यंत पोहोचते असा अंदाज सांगितला जातो. तरीही उरलेल्या अंतरात मदत करायची नाही, हा नियम पाळला जातो.

जानकीने मानवशी ठेवलेले अंतर याच नियमातून समजते. घर, जेवण, औषध आणि शांतता हे तिचे कुंपण आहे. तिथपर्यंत ती खंबीरपणे हस्तक्षेप करते. त्यापलीकडचे चालणे त्याचे त्याने करावे, असे तिला वाटते. ही तुलना चित्रपटात फारशी बोलून दाखवलेली नाही आणि जिथे ती बोलली जाते त्यापेक्षा जिथे ती नुसती दिसते तिथे अधिक परिणाम करते.

ऑलिव्ह रिडले कासवाला भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने संरक्षण दिले आहे. त्याची अंडी गोळा करणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.

नैराश्याचे चित्रण

मराठीत 'नैराश्य' हा शब्द साध्या निराशेसाठीही वापरला जातो, त्यामुळे आजाराचे गांभीर्य अनेकदा लक्षात येत नाही. परीक्षेत अपयश आल्यावर चार दिवस वाटणारी उदासी आणि वैद्यकीय अर्थाचे नैराश्य या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या अवस्थेत उदासी, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, स्वतःला निरुपयोगी समजणे ही लक्षणे निदान दोन आठवडे सलग टिकतात आणि मृत्यूचे विचार मनात येऊ शकतात. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५–१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात दर वीस व्यक्तींमागे एका व्यक्तीला नैराश्याचा त्रास असतो आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

हिंदी-मराठी चित्रपटांत मनोरुग्ण बहुधा दोन रूपांत दिसत आला: हास्यास्पद किंवा भयंकर. 'कासव'मध्ये असे काही नाही. जानकी ही या दृष्टीने मराठी चित्रपटातील दुर्मीळ व्यक्तिरेखा आहे, कारण ती रुग्ण आहे आणि आधार देणारीही आहे. तिचे सावरणे पुरे झालेले नाही. मानवची अवस्था तिला ठाऊक आहे, म्हणूनच 'मन खंबीर कर', 'तुला कशाची कमी आहे' अशी वाक्ये ती टाळते. आपल्याकडे अशा प्रसंगी माणसे प्रेमापोटीच जे बोलतात ते किती जड असू शकते, हे तिच्या न बोलण्यातून कळते. दुसरीकडे, केवळ मायेने आजार बरा होतो असेही चित्रपट सुचवत नाही. जानकीच्या आयुष्यात उपचारांना जागा आहे.

यदूच्या संशयाला त्या काळात कायद्याचीही एक बाजू होती. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंत कैदेस पात्र असलेला गुन्हा होता. अशा माणसाला घरात ठेवणे म्हणजे पोलिसांच्या चौकशीला आमंत्रण, ही भीती खेड्यात आणि शहरात सारखीच होती. चित्रपट पूर्ण झाल्यानंतर काही महिन्यांतच ही स्थिती बदलू लागली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ या कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला भरला जात नाही. तिची काळजी घेणे, तिच्यावर उपचार करणे आणि तिचे पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य मानले आहे. या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती ७ एप्रिल २०१७ रोजी. तो प्रत्यक्ष लागू झाला २९ मे २०१८ पासून.

७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ सालच्या आरोग्य दिनासाठी नैराश्याविषयी मोकळेपणाने बोलण्याचा विषय निवडला होता. आणि ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणाही त्याच दिवशी झाली. कायदा, आरोग्य दिनाचा विषय आणि 'कासव'चे सुवर्णकमळ या तीन गोष्टी एका दिवशी येणे हा निव्वळ योगायोग होता, पण विलक्षण योगायोग होता.

कलाकार आणि तंत्रज्ञ

इरावती हर्षे (जानकी), आलोक राजवाडे (मानव), किशोर कदम (यदू) आणि मोहन आगाशे (दत्ताभाऊ) यांच्या प्रमुख भूमिका आहेत. देविका दफ्तरदार, संतोष रेडीज आणि ओंकार घाडी हेही चित्रपटात आहेत. यांतील हर्षे, दफ्तरदार आणि आगाशे यांनी 'अस्तु'मध्येही एकत्र काम केले होते. भावे-सुकथनकर यांच्या चित्रपटांतून अशी काही माणसे पुन्हापुन्हा दिसतात, एखाद्या नाट्यसंस्थेचा संच असावा तशी. कवी 'सौमित्र' म्हणून परिचित असलेल्या किशोर कदम यांचा यदू हा चित्रपटातील सर्वांत जमिनीवरचा माणूस आहे. शहरी पात्रांच्या अबोल दुःखाला त्याच्या बोलण्याने तोल येतो. कथा, पटकथा आणि संवाद सुमित्रा भावे यांचे असून छायालेखन धनंजय कुलकर्णी यांचे आहे.

समुद्र या चित्रपटात जवळजवळ सतत ऐकू येतो. कोकणचे निसर्गसौंदर्य दाखवण्याचा मोह मराठी चित्रपटांना सहसा आवरत नाही. इथेही किनारा सुंदर दिसतो, परंतु छायालेखन त्याची सहल घडवत नाही. ओटी, खिडकी, अंगण, वाळू या थोड्याच जागा पुनःपुन्हा येतात, त्यामुळे घर आणि किनारा यांतले अंतर प्रेक्षकाच्या अंगवळणी पडते. चित्रपटाची गती संथ आहे. काही ठिकाणी ती रेंगाळते, हेही खरे.

पुरस्कार

६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष दिग्दर्शक प्रियदर्शन होते. ३ मे २०१७ रोजी नवी दिल्ली येथे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते पुरस्कार प्रदान झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी सुवर्णकमळ आणि २,५०,००० रुपये असे पुरस्काराचे स्वरूप होते. ते वर्ष मराठीसाठी भरघोस यशाचे ठरले. 'व्हेंटिलेटर'साठी राजेश मापुसकर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, तर 'दशक्रिया' हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

'कासव'पूर्वी हा सर्वोच्च मान 'श्यामची आई' (१९५३), 'श्वास' (२००३), 'देऊळ' (२०११) आणि 'कोर्ट' (२०१४) या मराठी चित्रपटांना मिळाला होता. 'श्यामची आई' आणि 'श्वास' यांच्यामध्ये पन्नास वर्षांचा खंड आहे. 'श्वास' ते 'कासव' या तेरा वर्षांत मात्र चार मराठी चित्रपटांनी हा मान मिळवला. या पाचांपैकी 'श्यामची आई', 'श्वास' आणि 'कासव' या तिघांच्या कथांची मुळे कोकणात आहेत. आणखी एक साम्य म्हणजे, तिन्ही चित्रपटांत एका मोठ्या माणसाने एका लहान वा दुबळ्या जिवाला कठीण काळातून पार नेण्याची गोष्ट आहे.

प्रदर्शन

सुवर्णकमळ जाहीर झाल्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी, ६ ऑक्टोबर २०१७ रोजी, 'कासव' महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. मोठ्या निर्मितिसंस्थेचे पाठबळ नसलेल्या मराठी चित्रपटांना पुरस्कारापेक्षा पडदा मिळवणे अवघड जाते. बहुपडदा चित्रपटगृहांत सोयीच्या वेळा मोजक्या असतात आणि त्यांसाठी हिंदी चित्रपटांशी स्पर्धा करावी लागते. प्रसिद्धीचा खर्च निर्मितीच्या खर्चाइतका, कधी त्याहून अधिक होतो. प्रेक्षक एकमेकांना सांगून येईपर्यंत चित्रपट उतरवला गेलेला असतो. संथ आणि संयत चित्रपटांना याचा फटका अधिक बसतो, कारण त्यांचा प्रेक्षक पहिल्या तीन दिवसांत धावत येणारा नसतो.

अशा चित्रपटांचा खरा प्रवास बहुधा चित्रपटगृहाबाहेर होतो. चित्रपट महोत्सव, फिल्म सोसायट्या, महाविद्यालये आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील संस्था यांच्या खेळांना भावे-सुकथनकर यांचे चित्रपट पूर्वीपासून दाखवले जात आले आहेत. खेळानंतर दिग्दर्शक, कलाकार किंवा डॉक्टर यांच्याशी चर्चा ठेवण्याची प्रथाही त्यांच्याबाबत रूढ आहे. 'देवराई'ला स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये आणि 'अस्तु'ला विस्मृतीच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये असाच प्रेक्षक मिळाला.

'कासव'नंतर या जोडीने 'वेलकम होम' आणि 'दिठी' हे चित्रपट केले. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवर आधारलेल्या 'दिठी'त तरुण मुलगा गमावलेल्या लोहाराची भूमिका किशोर कदम यांनी केली आहे. सुमित्रा भावे यांचे १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात निधन झाले आणि 'दिठी' त्यानंतर महिन्याभराने, मे २०२१ मध्ये, ओटीटी माध्यमावर प्रदर्शित झाला.